शेतात सापडलेले जुने अमेरिकन नाणे कसे ओळखावे

न्यू जर्सीतल्या एखाद्या जुन्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना जमिनीखाली वीतभर खोलीवर जे नाणे सापडते, ते पुस्तकातल्या छायाचित्रासारखे क्वचितच असते. हाती येते ती मातीने माखलेली, हिरवट-काळी पडलेली, कडेला खड्डे पडलेली एक चकती. तिच्यावर साल दिसत नाही, अक्षरे दिसत नाहीत, आणि कित्येकदा ते नाणे आहे की जुन्या कोटाचे बटण हेही चटकन सांगता येत नाही. अशा वेळी बहुतेकांचा अंगठा आपोआप ती घासू लागतो, कारण साल वाचता आले की ओळख पटली अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत आधी बाजूला ठेवली पाहिजे. झिजलेल्या नाण्यावरचे साल सर्वांत आधी जाते आणि सर्वांत शेवटी कळते. व्यास, वजन, धातू आणि कड या चार गोष्टी मात्र साल पूर्ण नाहीसे झाले तरी शिल्लक राहतात, आणि अमेरिकन नाण्यांच्या बाबतीत तेवढ्यावरूनही पुष्कळ काही ठरवता येते.

याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १७९२ साली नाण्यांविषयीचा पहिला कायदा केला आणि त्यानुसार फिलाडेल्फियात सरकारी टाकसाळ उभी राहिली. तेव्हापासून प्रत्येक नाण्याचा धातू आणि वजन अधिकृतपणे ठरवून दिलेले आहे आणि त्यात झालेल्या बदलांच्या तारखा नोंदलेल्या आहेत. त्यामुळे नाणे मोजणे याचा अर्थ ते कोणत्या नियमाखाली पाडले गेले हे शोधणे. उदाहरणार्थ, तांब्याच्या मोठ्या सेंटचे वजन सुरुवातीला १३.४८ ग्रॅम होते आणि १७९५ च्या अखेरीस ते १०.८९ ग्रॅमवर आणले गेले; म्हणजे साडेबारा ग्रॅम भरणारा, पार झिजलेला सेंट सापडला, तर त्यावर एकही आकडा दिसत नसला तरी तो टाकसाळीच्या पहिल्या तीन वर्षांतला असणार हे जवळपास नक्की होते.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेच्या जमिनीत सापडलेले जुने नाणे अमेरिकेच्या टाकसाळीतलेच असेल असे नाही. स्वातंत्र्यापूर्वी तिथे ब्रिटिश तांबे आणि स्पॅनिश चांदी चालत होती; स्वातंत्र्यानंतर काही राज्यांनी स्वतःची तांब्याची नाणी पाडून घेतली; आणि सरकारी टाकसाळ सुरू झाल्यावरही परदेशी नाणी व्यवहारात राहिली, ती २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने त्यांची कायदेशीर मान्यता काढून घेईपर्यंत. तांब्याचा मोठा सेंट आणि अर्धा सेंटही याच कायद्याने बंद झाले. म्हणून एखादे शेत १८५७ च्या आधीपासून कसले जात असेल, तर तिथे मेक्सिकोचा चांदीचा रिआल आणि लंडनचा हाफपेनी सापडणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

आधी हात आवरावा

न घासण्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्यामागचे कारण कळले तरच तो पाळला जातो. तांबे ओलसर आणि आम्लयुक्त मातीत, त्यातही रासायनिक खते पडलेल्या शेतात, शंभर-दोनशे वर्षे राहिले की त्याचा मूळ पृष्ठभाग हळूहळू ऑक्साइड आणि कार्बोनेट यांच्या थरात रूपांतरित होतो. चेहरा, अक्षरे, साल यांची जी उंची-खोली ठशाने दिलेली असते, ती आता या थरातच उरलेली असते. थराखालचा धातू खरबरीत आणि खाल्लेला असतो. गिलाव्यावर काढलेले चित्र स्वच्छ करायचे म्हणून गिलावाच खरवडून काढला, तर उरते ती नुसती भिंत, आणि नेमके तेच घासलेल्या तांब्याच्या नाण्याचे होते. शिवाय ओल्या मातीत वाळूचे बारीक, कठीण कण असतात. अंगठ्याखाली ते सापडले की चांदीच्या मऊ पृष्ठभागावर असे ओरखडे उमटतात की ते पुन्हा जात नाहीत.

म्हणून खड्ड्यातून काढलेले नाणे चिकटलेल्या मातीसह एखाद्या लहान डबीत ठेवून घरी आणावे. ते डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजत ठेवावे, पाणी गढूळ झाले की बदलावे, आणि सुटलेली माती लाकडी टूथपिकच्या टोकाने, भिंगाखाली, नाण्यावर दाब न देता उचलावी. व्हिनेगर, लिंबू, चिंच, पितांबरी यांपैकी काहीही जवळ आणू नये. देवघरातली तांब्याची भांडी त्यांनी लखलखीत होतात हे खरे, पण ती झळाळी वरचा थर विरघळल्यामुळे येते, आणि आपल्याला हवा असलेला मजकूर त्याच थरात असतो. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवण्याची पद्धतही जुनी आहे, परंतु तेलातही सौम्य आम्ल असते आणि नाण्याचा रंग त्याने गडद होतो, तेव्हा ओळख पटण्याआधी तो मार्ग घेऊ नये असे माझे मत आहे.

नाणे वाळल्यावर पाहावे ते प्रकाशाचा कोन बदलून. खोलीतला मोठा दिवा बंद करून एक लहान टॉर्च टेबलाच्या पातळीवर, नाण्याच्या बाजूने धरावा आणि नाणे हळूहळू फिरवत राहावे. वरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसणाऱ्या चकतीवर अशा तिरप्या प्रकाशात हनुवटीची रेषा, केसांची फीत किंवा एखाद्या अक्षराचा उभा दांडा सावली टाकू लागतो. मोबाइल एका जागी स्थिर ठेवून, फक्त टॉर्चची दिशा बदलत आठ-दहा छायाचित्रे काढली, तर ती एकमेकांशेजारी ठेवून पाहताना डोळ्यांना एका वेळी न दिसलेल्या गोष्टी जुळून येतात. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात दाब आणि घर्षण दोन्ही येतात.

त्यानंतर मोजमाप. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा सराफी काटा आणि प्लास्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर एवढे सामान पुरेसे असते. व्यास दोन दिशांनी मोजावा, कारण अठराव्या शतकातल्या चकत्या पूर्ण गोल नसतात. वजनाच्या बाबतीत झीज आणि गंज धरून दहा टक्क्यांपर्यंत, काही वेळा त्याहूनही जास्त, तूट गृहीत धरावी. अधिकृत वजनापेक्षा स्पष्टपणे जास्त भरणारे नाणे मात्र आपण मानतो त्या प्रकारचे नसण्याचीच शक्यता अधिक.

तांब्याची मोठी चकती

पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या शेतांत सर्वाधिक गोंधळ होतो तो २७ ते २९ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या चकतीवरून. या एका मापात किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी बसतात: सपाट बटण, ब्रिटिश हाफपेनी किंवा तिची नक्कल, राज्यांनी पाडलेले तांबे, सरकारी लार्ज सेंट (म्हणजे वर आलेला तांब्याचा मोठा सेंट) आणि खासगी टोकन, म्हणजे व्यापाऱ्यांनी नाण्यासारखी चालवलेली चकती. त्यांना वेगळे करण्याचे काम एकदा नीट समजले की बाकीची नाणी तुलनेने सोपी जातात, म्हणून इथे थोडे थांबू.

बटण आधी बाजूला काढावे. मागच्या बाजूच्या मध्यभागी कडी जोडल्याची खूण, म्हणजे लहानसा उंचवटा किंवा वेगळ्या रंगाचा गोल डाग, दिसतो का ते पाहावे. कधीकधी त्याच बाजूला कडेने गोलाकार अक्षरे असतात आणि त्यांत मुलामा किंवा लंडन असे शब्द वाचता येतात, त्यामुळे घाईत ते नाणेच वाटते.

बटण नाही असे ठरल्यावर मागच्या बाजूच्या मध्यभागी काय आहे हा प्रश्न विचारावा, कारण चेहऱ्यांपेक्षा मागची चित्रे एकमेकांपासून जास्त वेगळी आहेत. मध्यभागी पानांची माळ आणि तिच्या आत दोन आडव्या ओळींत अक्षरे असल्याचा भास होत असेल, तर तो १७९३ ते १८५७ या काळातला सरकारी लार्ज सेंट असू शकतो. बसलेली स्त्री असेल, तर ब्रिटिश हाफपेनी किंवा कनेक्टिकटचे तांबे. उभ्या पट्ट्यांची मोठी ढाल असेल, तर न्यू जर्सी. मध्यभागी डोळा आणि त्यातून निघणारे किरण व तारे असतील, तर व्हरमॉन्ट किंवा १७८३ आणि १७८५ सालची नोव्हा कॉन्स्टेलाशिओ ही नाणी. एकमेकांत गुंफलेली तेरा वर्तुळे असतील, तर १७८७ चा फ्युजिओ सेंट, ज्याच्या दुसऱ्या बाजूला सूर्यघड्याळ असते. पंख पसरलेला गरुड आणि उलट बाजूला धनुष्यबाण घेऊन उभा असलेला मूळनिवासी पुरुष असेल, तर १७८७ किंवा १७८८ सालचे मॅसॅच्युसेट्सचे नाणे.

लार्ज सेंट असल्याचे ठरले की साल न दिसताही कालखंड बराच अरुंद करता येतो. चेहरा कुठल्या दिशेला पाहतो ते आधी पाहावे. १७९३ ते १८०७ पर्यंतच्या सेंटवर स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा उजवीकडे पाहतो, आणि १८०८ पासून पुढे तो डावीकडे वळतो. उजवीकडच्या चेहऱ्यामागे काठी आणि टोपी असेल, तर तो १७९३ ते १७९६ मधला. टोपी नसून केसांत फीत आणि छातीवर वस्त्राच्या चुण्या असतील, तर १७९६ ते १८०७ मधला. डावीकडच्या चेहऱ्यात कपाळावर रुंद पट्टी आणि आखूड कुरळे केस असतील, तर १८०८ ते १८१४ मधला. मुकुटासारखी टोकदार पट्टी आणि मागे अंबाडा असेल, तर १८१६ नंतरचा, आणि केसांना मण्यांसारख्या दोऱ्याने बांधलेली नाजूक वेणी असलेला, तुलनेने लहान चेहरा असेल, तर १८३९ ते १८५७ मधला. १८१५ हे साल असलेला सेंट नाहीच, कारण इंग्लंडशी चाललेल्या युद्धामुळे तिथून येणाऱ्या तयार तांब्याच्या चकत्या बंद झाल्या होत्या. चेहरा पुरता गेला असेल, तर मागच्या माळेच्या खाली पाहावे: १८०७ पर्यंतच्या बहुतेक सेंटवर तिथे शंभरावा भाग दाखवणारा अपूर्णांक असतो, आणि १८०८ पासून तो नाहीसा होतो. अगदी सुरुवातीच्या जाड सेंटच्या कडेवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ अशी अक्षरे कोरलेली असतात, म्हणून कड भिंगाखाली पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय नाणे खाली ठेवू नये.

माळ दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे. १८३७ सालच्या आर्थिक मंदीत सुट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी लार्ज सेंटच्याच मापाची तांब्याची टोकने पाडली. त्यांतल्या काहींवर हुबेहूब सेंटसारखा चेहरा आणि माळ असून माळेच्या आत मात्र ‘नॉट वन सेंट’ असे शब्द आहेत. बनावट नाणी केल्याचा आरोप अंगावर येऊ नये यासाठी ही सोय होती. माळेच्या आत दोन शब्दांहून जास्त मजकुराची गर्दी वाटली, तर शंका घ्यावी.

बसलेल्या स्त्रीचा गट सर्वांत अवघड. ब्रिटिश हाफपेनीवर दुसऱ्या जॉर्जचा चेहरा डावीकडे आणि तिसऱ्या जॉर्जचा उजवीकडे पाहतो, आणि मागे ब्रिटानिया बसलेली असते. कनेक्टिकटने १७८५ ते १७८८ या काळात पाडलेली नाणी मुद्दाम याच धर्तीवर आहेत, म्हणजे लोक ती सवयीने स्वीकारतील. फक्त राजाचे नाव जाऊन तिथे ‘ऑक्टोरी कॉनेक’ आणि मागे ‘इंडे एट लिब’ असा लॅटिन मजकूर आला. अक्षरे पूर्ण वाचता आली नाहीत तरी त्यांची मांडणी मदत करते. हाफपेनीच्या मागे ब्रिटानिया हा एकच शब्द कमानीसारखा पसरलेला असतो, तर कनेक्टिकटच्या नाण्यावर मजकूर तुटक तुकड्यांत विभागलेला असतो. चकतीबाहेर गेलेल्या अक्षरांमुळे ‘छत्र’ आणि ‘पति’ यांचे अर्धेच भाग उरलेली शिवराई ज्यांनी हातात घेतली आहे, त्यांना अक्षराच्या उरलेल्या टोकावरून आणि जागेवरून शब्द ओळखण्याची ही रीत परकी वाटणार नाही.

याच गटात एक मोठी गंमत दडलेली आहे, आणि तिच्यामुळे एखादे कुरूप नाणे एकदम महत्त्वाचे ठरते. तिसऱ्या जॉर्जच्या अस्सल हाफपेनी १७७० ते १७७५ याच वर्षांच्या आहेत, आणि त्यानंतर थेट १७९९ मध्ये नवी हाफपेनी निघाली. त्यामुळे राजाचा चेहरा, मागे ब्रिटानिया आणि खाली १७८७ हे साल असे नाणे मिळाले, तर ते लंडनच्या टाकसाळीतले असूच शकत नाही. ते इंग्लंडमधल्या नकली नाणी पाडणाऱ्यांचे तरी असते किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गजवळच्या मॅचिन्स मिल्स या खासगी टाकसाळीचे, जिथे अशा नकला आणि व्हरमॉन्टची नाणी एकाच छताखाली पाडली जात. नकली नाणी सहसा वजनाने हलकी असतात: अस्सल हाफपेनी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, तर नकला सात-आठ ग्रॅमच्या किंवा त्याहूनही कमी असू शकतात. मॅचिन्स मिल्सच्या नकलांना संग्राहक अमेरिकन नाण्यांतच जागा देतात आणि त्या आवर्जून शोधतात.

रावेच्या गिरणीतले तांबे

न्यू जर्सीच्या तांब्याविषयी सविस्तर लिहायला एक खास कारण आहे. एडिसन आणि त्याच्या आसपास मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि या नाण्यांची एक प्रमुख टाकसाळ ज्या रावे गावात होती, ते गाव तिथून मोटारीने थोड्याच अंतरावर आहे. आपल्या रोजच्या रस्त्यालगत हे घडले आहे याची कल्पना तिथल्या फार थोड्या लोकांना असते.

न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १ जून १७८६ रोजी वॉल्टर मोल्ड, थॉमस गोड्सबी आणि अल्बिअन कॉक्स या तिघांना तीस लाख तांब्याची नाणी पाडण्याचा अधिकार दिला. प्रत्येक नाणे १५० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.७२ ग्रॅम वजनाचे असावे, पंधरा नाण्यांचा एक शिलिंग धरावा आणि पाडलेल्या नाण्यांचा दहावा हिस्सा राज्याला द्यावा, अशा अटी होत्या. भागीदारांचे पटले नाही, तेव्हा गोड्सबी आणि कॉक्स यांचे काम रावेत आणि मोल्ड यांचे मॉरिसटाऊनला चालले. पुढे एलिझाबेथटाऊनला मॅथायस ऑग्डेन यांच्याकडेही नाणी पाडली गेली. नाण्याच्या एका बाजूला घोड्याचे डोके, त्याखाली नांगर, भोवती ‘नोव्हा सीझेरिया’ हे न्यू जर्सीचे लॅटिन नाव आणि तळाशी १७८६, १७८७ किंवा १७८८ यांपैकी एक साल असते. दुसऱ्या बाजूला ढाल आणि भोवती ‘ई प्लुरिबस युनम’. हे ब्रीद पुढे अमेरिकेच्या सगळ्या नाण्यांवर आले, पण नाण्यावर ते पहिल्यांदा उमटले ते इथे.

जमिनीतून निघालेल्या नाण्यावर ढालीच्या उभ्या पट्ट्या बहुधा सर्वांत जास्त टिकतात, म्हणून तिरप्या प्रकाशात आधी त्या शोधाव्यात. नंतर दुसऱ्या बाजूला घोड्याचा कान, मानेवरची आयाळ आणि नांगराची मूठ. केवळ नांगर दिसला म्हणून न्यू जर्सी म्हणू नये, कारण व्हरमॉन्टच्या १७८५ आणि १७८६ च्या काही नाण्यांवरही नांगर आहे. पण तिथे त्याच्या वर घोडा नसून डोंगररांगेमागून उगवणारा सूर्य असतो. घोड्याचे तोंड जवळपास नेहमी उजवीकडे असते. १७८८ च्या एका प्रकारात मात्र ते डावीकडे आहे आणि ते नाणे दुर्मीळ आहे, त्यामुळे दिशा पाहायला विसरू नये.

यापुढची पायरी ठशांची. तेव्हा ठसे हाताने कोरले जात, प्रत्येक ठशात अक्षरांचे अंतर, नांगराचा दांडा सरळ की वाकडा, घोड्याच्या मानेचा आकार यांत फरक पडे. एडवर्ड मॅरिस यांनी १८८१ साली या ठशांची यादी करून पुढच्या बाजूला आकडा आणि मागच्या बाजूला अक्षर दिले, आणि संग्राहक आजही तीच पद्धत वापरतात. ५६-एन या जोडीतल्या घोड्याची मान उंटासारखी दिसते, म्हणून तिला कॅमल हेड असेच नाव पडले. ही नाणी बहुधा कोऱ्या चकतीवर न पाडता चलनातल्या दुसऱ्या तांब्यावर नवा ठसा मारून केलेली असतात. त्यामुळे घोड्याच्या गळ्याजवळ कधी कधी भलतेच अक्षर किंवा एखाद्या पूर्वीच्या चेहऱ्याची कड दिसते. नवखा माणूस तो गंजाचा डाग समजतो आणि टूथपिकने उकरायला जातो, पण तीच त्या नाण्यातली सर्वांत बोलकी जागा असते: एकाच चकतीवर दोन राज्यांची, क्वचित दोन देशांची नाणी एकावर एक उमटलेली असतात.

चांदी

चांदी मातीतून बहुतेक वेळा चमकतच बाहेर येते आणि तिच्यावर तपशीलही जास्त उरतो, तेव्हा इथे भराभर पुढे जाता येईल. जुन्या शेतात पातळ, किंचित वेडीवाकडी चांदीची चकती मिळाली तर आधी स्पॅनिश रिआलचा विचार करावा. १७७२ पासूनच्या नाण्यांवर राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, त्याखाली साल, आणि मागे मुकुटधारी ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन खांब असतात. राजाच्या नावाचे तुकडे वाचता आले तर कालखंड मिळतो: तिसरा कार्लोस १७८८ पर्यंत, चौथा कार्लोस १८०८ पर्यंत आणि त्यानंतर सातवा फर्दिनांद. मागच्या मजकुरात एम अक्षराच्या डोक्यावर छोटा ओ असेल, तर ती मेक्सिको शहराच्या टाकसाळीची खूण. दोन रिआलचे नाणे सुमारे २७ मिलिमीटर आणि ६.७७ ग्रॅम, एक रिआल सुमारे २० मिलिमीटर आणि ३.३८ ग्रॅम, आणि अर्धा रिआल १७ मिलिमीटरच्या आतबाहेर. सुट्या पैशांसाठी नाणे छिन्नीने कापून त्याचे पाचरीसारखे तुकडे चालवले जात, म्हणून सरळ कापलेल्या दोन कडा असलेला चांदीचा तुकडा भंगार म्हणून टाकून देऊ नये.

अमेरिकन चांदीच्या नाण्यांत सर्वाधिक सापडते ते डाइम, म्हणजे दहा सेंटचे १७.९ मिलिमीटरचे नाणे. बसलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे डाइम १८३७ ते १८९१ या काळातले. त्यांतही स्त्रीच्या भोवती तारे असतील तर ते १८३८ ते १८६० मधले, ताऱ्यांच्या जागी देशाचे नाव असेल तर १८६० ते १८९१ मधले. सालाच्या दोन्ही बाजूंना बाणांची टोके दिसली, तर वर्षांची यादी एकदम आक्रसते: १८५३ ते १८५५, किंवा १८७३ आणि १८७४. हे बाण शोभेसाठी नव्हते, त्या वर्षी वजन बदलले हे लोकांना एका नजरेत कळावे यासाठी ते घातले होते. १८९२ पासून १९१६ पर्यंत टाकसाळीचे मुख्य कोरीवकार बार्बर यांनी घडवलेला, उजवीकडे पाहणारा चेहरा, १९१६ ते १९४५ पंखांच्या टोपीचा मर्क्युरी डाइम आणि १९४६ पासून रूझवेल्ट. चांदीचा अंश १९६४ पर्यंत. १९६५ पासूनच्या डाइमच्या कडेत तांब्याची रेघ दिसते.

टाकसाळीची खूण हे एकच लहान अक्षर असते, पण किमतीत त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सीसी म्हणजे १८७० ते १८९३ या काळात चाललेली कार्सन सिटी, आणि डी म्हणजे १९०६ पासून डेन्व्हर. १९१६ सालचा डेन्व्हरचा मर्क्युरी डाइम केवळ २,६४,००० पाडला गेला होता, म्हणून १९१६ वाचता आले की मागच्या बाजूला, तळाशी डावीकडे भिंग लावून पाहिलेच पाहिजे. अक्षर नसेल तर ते सर्वसाधारणपणे फिलाडेल्फियाचे समजावे.

लहान नाणी आणि यंत्रावरचा आकडा

१९ मिलिमीटरचा लहान सेंट १८५७ पासून व्यवहारात आला. पहिल्यांदा उडता गरुड, १८५९ पासून पिसांचा मुकुट घातलेला चेहरा आणि १९०९ पासून लिंकन. १८६४ मध्ये धातू बदलला, तेव्हा वजन ४.६७ ग्रॅमवरून ३.११ ग्रॅमवर आले, त्यामुळे जाडजूड, फिकट दिसणारा सेंट १८६४ किंवा त्याआधीचा. १९४३ चे सेंट युद्धामुळे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत आणि लोहचुंबकाला चिकटतात. १९८२ नंतरचे सेंट आतून जस्ताचे असल्याने मातीत लवकर सडतात. वाळवी लागल्यासारखा खाल्लेला सेंट जुना असेल असे पुष्कळांना वाटते, पण तो बहुधा आपल्याच काळातला असतो.

पाच सेंटच्या निकेलमध्ये १९१३ ते १९३८ चा बफेलो निकेल सालाच्या बाबतीत विशेष त्रास देतो. त्याचे साल उंच उचललेल्या भागावर असल्याने ते आधी झिजते. आम्ल लावून ते पुन्हा वर आणता येते हे खरे, पण त्या जागी कायमचा खडबडीत डाग राहतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत जवळपास संपते. एस किंवा डी अक्षर असलेल्या नाण्यावर हा प्रयोग मुळीच करू नये.

डिटेक्टरच्या पडद्यावर दिसणारा आकडा हाही एक पुरावाच आहे, फक्त त्याला अंतिम शब्द मानू नये. तो आकडा वस्तूच्या विद्युतवाहकतेवर आणि आकारावर अवलंबून असतो. मोठे तांबे आणि चांदी वरच्या टोकाला, निकेल खालच्या टोकाला येते. शीतपेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे कान आणि लहान सोन्याचे नाणेही निकेलच्याच पट्ट्यात बोलतात, म्हणून कचऱ्याचा समजून तो पट्टा बंद ठेवणाऱ्याला सोने कधी सापडणार नाही. खोदण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवला, तर पुढे दोन शक्यतांपैकी एक निवडताना त्याचा उपयोग होतो.

नक्कल, मोल आणि नियम

वसाहतकालीन नाण्यांच्या स्मरणिका म्हणून केलेल्या नकला शेतात आणि बागांत वारंवार सापडतात. १९७३ च्या एका संघीय कायद्याने अशा नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द असणे सक्तीचे केले, पण त्याआधीच्या नकलांवर तो नसतो. ओतीव नक्कल ओळखण्यासाठी कडेवर साच्याच्या दोन भागांची सांधरेषा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि अपेक्षेपेक्षा फार वेगळे वजन, या तीन गोष्टी पाहाव्यात.

मोलाच्या बाबतीत अपेक्षा वास्तवाला धरून असाव्यात. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या प्रमाणीकरण संस्था मातीने खाल्लेल्या नाण्याला सहसा आकड्याची श्रेणी देत नाहीत. नाणे अस्सल असल्याचे सांगून त्यावर नुकसानीचा शेरा देतात. नेहमीच्या प्रकारचा गंजलेला लार्ज सेंट तपासायला पाठवण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. दुर्मीळ ठशाच्या जोडीचा संशय असेल, तर मात्र तो खर्च करावाच.

शोध घेण्याआधी जमीनमालकाची परवानगी, शक्यतो लेखी, घ्यावी. राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर वापरणे आणि बाळगणे दोन्हींना बंदी आहे, आणि संघीय जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ च्या कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकेत हा छंद लागलेल्या आणि सुट्टीत महाराष्ट्रात यंत्र घेऊन येण्याचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींनी हेही जाणून घ्यावे की भारतात १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे आणि जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

प्रत्येक नाण्यासोबत सापडल्याची जागा, खोली, तारीख, सोबत निघालेल्या वस्तू, व्यास, वजन आणि सफाईपूर्वीची छायाचित्रे यांची नोंद ठेवावी. नाण्यावरचे साल ते केव्हा पाडले एवढेच सांगते, ते केव्हा हरवले हे सांगत नाही. १७८७ चे तांबे १८४० च्या बटणांबरोबर एकाच थरात निघाले, तर ते पन्नास वर्षे हातोहात फिरले असण्याची शक्यता या नोंदीमुळेच समोर येते. नाणे ठेवताना पीव्हीसी असलेल्या मऊ पाकिटात ठेवू नये, कारण त्यातून सुटणाऱ्या रसायनाने तांब्यावर चिकट हिरवा थर येतो. मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ते ठेवावे, आणि पहिले वर्षभर अधूनमधून काढून पाहावे, कारण मातीतले क्षार आत उरले असतील तर फिकट हिरवी भुकटी पुन्हा वर येते आणि डिस्टिल्ड पाण्यात भिजवण्याचे काम नव्याने करावे लागते.